कमोडला सापडलेला पाचवा माणूस

चौगुल्यांच्या दुकानात बावीस कमोड ओळीनं मांडलेले होते आणि त्यातल्या एकावरही आजवर कुठल्या गिऱ्हाइकानं बसून बघितलं नव्हतं. चप्पल घ्यायची तर माणूस दोन पावलं चालून बघतो, खुर्ची घ्यायची तर पाठ टेकून बघतो, पण उरलेलं सगळं आयुष्य रोज सकाळी जिच्यावर बसायचं ती वस्तू सांगलीची माणसं लांबून, हात मागे बांधून, नुसता रंग बघून पसंत करतात. मीनल कारखानीसही तशीच उभी होती. एकसष्ट वर्षांची बाई, ज्युनिअर कॉलेजात तीस वर्षं जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, पचनसंस्थेची आकृती फळ्यावर एका दमात काढणारी. पण भर दुकानात बसून बघायची काही तिची छाती झाली नाही.

"बसा की मॅडम, कोराच हाय," चौगुले म्हणाले. ते तिचेच जुने विद्यार्थी, ब तुकडीतले.

"राहू दे. उंची बरोबर वाटतेय. आणि तो वाचणारा कमोड म्हणतात तो कुठला?"

चौगुल्यांची कळी खुलली. त्यांनी तिला आतल्या दालनात नेलं. तिथं एकच कमोड होता, दुधी रंगाचा, दिसायला अगदी साधा. २०४२ साल उजाडेपर्यंत असे कमोड पुण्यामुंबईत घरोघरी झाले होते, सांगलीत मात्र हा चौथा.

मीनलला तो हवा होता तो नवऱ्यासाठी. उदयचा गुडघा बदलला होता, त्यामुळे घरातलं जुनं, उकिडवं बसायचं भांडं आता त्याच्या कामाचं नव्हतं. पण गुडघ्यापेक्षा पोटानंच जास्त छळ मांडला होता. ऑपरेशननंतर जंतुसंसर्ग झाला, जबर अँटिबायोटिक्स द्यावी लागली, त्यांनी गुडघा वाचवला आणि आतडं उजाड केलं. दोनदा जुलाब होऊन तो दवाखान्यात जाऊन आला होता. अडुसष्ट किलोचा माणूस चोपन्नवर आला होता. रोज नजर ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि नजर ठेवायला या कमोडइतकं चोख दुसरं काही नव्हतं.

"आत एक पट्टी हाय," चौगुले सांगू लागले आणि मग ओशाळून थांबले. "तुम्हाला मी काय सांगणार मॅडम."

तिला ठाऊकच होतं, तरी ती पट्टी डोळ्यांनी बघायला ती खाली वाकली. माणसाच्या आतड्यात शेकडो जातींचे सूक्ष्मजीव राहतात. मळाचा कणभर अंश या पट्टीवर आला की त्या जीवांचा डीएनए अतिसूक्ष्म छिद्रांतून ओढला जातो, आणि जाताना त्याचं प्रत्येक अक्षर विजेच्या प्रवाहात बारीकसा बदल करतं. तो बदल वाचला की कुठली जात आहे ते कळतं. तिच्या तरुणपणी याला प्रयोगशाळा आणि आठवडा लागायचा, आता फ्लशची टाकी भरेपर्यंत निकाल फोनवर यायचा. किती जाती आहेत, किती समतोल आहे, यावरून शंभरापैकी एक अंक. हे सगळं आपल्या न्हाणीघरात, रोज. ती चौगुल्यांकडे वळली तेव्हा तिचा चेहरा वर्गात सूक्ष्मदर्शक आल्याच्या दिवशी व्हायचा तसा झाला होता.

"हाच द्या," ती म्हणाली.

"घरात माणसं किती?" चौगुल्यांनी विचारलं. "प्रत्येकाचं वजन आणि बसण्याची ठेवण यात भरावी लागते, म्हणजे कोण बसलंय ते त्याला कळतं."

"चौघं. मी, हे, मुलगा अद्वैत आणि सून सानिका."

कमोड बसला आणि घरात परीक्षेचा निकाल लागल्यासारखा गोंधळ सुरू झाला. मीनलला अडतीस. सानिकाला तेहतीस. रोज व्यायाम करणाऱ्या, डबाबंद प्रथिनांवर जगणाऱ्या अद्वैतला एकोणतीस, त्यामुळे तो दोन दिवस तोंड पाडून होता. उदयला सात.

"सगळ्यांस्नी मार्क पडलं म्हणं," छाया भांडी विसळता विसळता म्हणाली. छाया चौदा वर्षं त्यांच्याकडे कामाला होती. सकाळी नऊला यायची, दीडला जायची.

"आमच्या घराण्यात कुणी पहिला वर्ग काढत नाही बघ," उदय कॉटवरून म्हणाला आणि हसता हसता दमला.

मीनलनं त्याला समजावलं होतं. आतडं म्हणजे परसबाग. नाना तऱ्हेची रोपं दाटीनं वाढलेली असली की तणाला जागा मिळत नाही. औषधानं बाग साफ झाली की एखादं चिवट तण सगळीकडे माजतं, आणि तेच उदयच्या पोटात झालं होतं. शहरातल्या सगळ्यांच्याच बागा आता विरळ झालेल्या. सर्दीला औषध, पडशाला औषध, वर डब्यातलं खाणं. तिचे स्वतःचे अडतीससुद्धा सांगलीच्या सरासरीपेक्षा बरेच म्हणायचे.

दहाव्या दिवशी उदयला पुन्हा मिरजेच्या दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टर शिरगुप्पे तरुण होत्या, शांत बोलायच्या, काही लपवायच्या नाहीत.

"ही तिसरी खेप आहे. शेवटचं औषधही आता चालत नाही. निरोगी माणसाच्या मळातले जीव वेगळे काढून, कॅप्सूलमधून यांच्या आतड्यात सोडायचे, हा एकच उपाय उरलाय. उपाय हमखास आहे, पण दाता हवा. अंक सत्तरच्या वर हवा."

"पुण्याच्या मळपेढीत मिळेल?"

"अकरा आठवड्यांची रांग आहे. असे दातेच मिळत नाहीत हो. आणि यांच्याकडे फार तर तीन आठवडे आहेत."

त्या दिवसापासून मीनलनं नात्यागोत्यात एकही घर सोडलं नाही. कराडची नणंद, चिपळूणचे चुलतभाऊ, सगळ्यांनी आपापले अंक कळवले. चाळीस, पस्तीस, सव्वीस. रोज साडेदहाला ती मऊ भाताचा डबा घेऊन मिरजेला जायची, उदय दोन घास खायचा आणि ती फोनवर पुढचा नंबर लावायची.

मंगळवारी दवाखान्याच्या व्हरांड्यात फोन टुणकन वाजला. कमोडचा निरोप होता. 'अनोळखी व्यक्ती. अंक चौऱ्याऐंशी.'

मीनलनं चष्मा पुसून परत वाचलं. घरात कुणी नाही, चौघंही बाहेर. एवढं महागडं यंत्र आणि दोन आठवड्यांत बिघडलं, म्हणून तिनं तिथूनच चौगुल्यांना झापलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौगुले स्वतः आले. कमोडपुढे स्टूल टाकून बसले, आतली नोंद उघडून बराच वेळ बघत राहिले.

"वजन शेहेचाळीस किलो. पण दाब बघा मॅडम, दोनच ठिकाणी पडलाय, कडेला. म्हणजे जणू कुणी सीटवर पाय ठेवून बसलंय. घरात आणखी कोण असतं?"

"कुणी नाही. चौघंच."

"पाय उचला भाऊ," छाया म्हणाली. ती फरशी पुसत होती. चौगुल्यांनी पाय उचलले, तिनं खालून फडकं फिरवलं आणि बादली घेऊन ती पुढच्या खोलीत गेली.

"मग यंत्राचाच दोष," चौगुल्यांनी ठरवलं. त्यांनी ती नोंद पुसून टाकली, मीनलनं त्यांना चहा दिला. सूक्ष्मदर्शकाखालचे केसाहून बारीक जीव मुलांना मोजायला शिकवणाऱ्या या बाईला समोर फडकं फिरवणारं माणूस मोजता आलं नाही. आणि तिचं तिला त्यात काही वावगंही वाटलं नाही.

शुक्रवारी फोन पुन्हा वाजला. 'अनोळखी व्यक्ती. अंक चौऱ्याऐंशी.' अकरा वाजून चौदा मिनिटं. वजन शेहेचाळीस किलो, दाब दोन ठिकाणी.

मीनल डबा हातात घेऊन दवाखान्याच्या जिन्यातच थांबली. तीस वर्षं तिनं प्रयोगशाळेत मुलांना एकच गोष्ट घोकून घेतली होती की बिघडलेलं यंत्र दर वेळी नवा आकडा देतं, तोच आकडा परत आला तर तिथं खरंच काहीतरी आहे. चौऱ्याऐंशी. असा माणूस अख्ख्या जिल्ह्यात मिळेना आणि तो तिच्या न्हाणीघरात येऊन जात होता. अद्वैत ऑफिसात, सानिका कोल्हापुरात, उदय इथं खाटेवर. घराची किल्ली आणखी कुणाकडे?

किल्ली छायाकडे. फडताळातल्या हुकाला अडकवलेली दुसरी किल्ली, मीनल मिरजेला गेली की मागचं आवरून दाराला कुलूप घालण्यासाठी दिलेली.

तिथल्या तिथं तिला सगळं दिसलं, आणि चौदा वर्षांपूर्वीचा एक दिवसही. छाया कामाला लागली त्या सकाळी मीनलच्या सासूबाईंनी तिला नियम सांगितले होते. दूध तापवायचं नाही, देवघराला हात लावायचा नाही, घरातला संडास वापरायचा नाही. सासूबाई जाऊन नऊ वर्षं झाली. दूध छाया रोज तापवायची, देवघर दर गुरुवारी घासायची. तिसरा नियम तेवढा कुणी काढला नव्हता. काढायची गरजच कुणाला वाटली नाही. इतकी वर्षं ती तळमजल्यावर राखणदाराच्या संडासात जायची, आणि तो तर जानेवारीत पाडून सोसायटीनं तिथं गाड्या चार्ज करायची जागा केली. त्या सभेत मीनलनंही हात वर केला होता.

डबा नर्सकडे देऊन ती रिक्षानं घरी आली. छाया कपडे वाळत घालत होती. वहिनी अवेळी दारात उभ्या बघून तिच्या हातातला चिमटा पडला.

"छाया, तू आपला कमोड वापरलास का?"

छायानं चिमटा उचलला. "चुकलं वहिनी. खालचा पाडला नव्हं, मग जायचं कुठं? चार महिनं दीडपतोर कळ काढली. मूतखडा हुईल म्हणाली डॉक्टरीण. घरात कुणी नव्हतं म्हणून गेले. धुऊन ठेवत हुते, दोन बादल्या पाणी वतून. कामावरनं काढू नका."

"काढायचं कुठलं, अगं तुला चौऱ्याऐंशी मिळालेत."

आणि मग मीनलनं तिला खुर्चीवर बसवून सगळं सांगितलं. परसबाग, तण, कॅप्सूल. सांगता सांगता ती इतकी रंगात आली की प्रश्नांवर प्रश्न विचारू लागली. खातेस काय? शाळूची भाकरी, आणि काय. आंबील? रोजची. भाजी? रविवारी गावाकडनं आणते, पाथरी, घोळ, तांदुळजा, जे रानात घावंल ते. औषधं? तापाची गोळी कधीमधी. मीनल टाळी वाजवायचीच बाकी होती.

छायानं पदरानं तोंड झाकलं. ती हसत होती. "म्हंजे माझं ते उदयदादांच्या पोटात?"

"शुद्ध करून. फक्त जीव. कॅप्सूलमधून."

"आणि वहिनी," छायाचं हसू थांबलं होतं, "मला मार्क कमी पडलं असतं तर?"

कमी पडले असते तर आपण काय केलं असतं ते मीनलला नेमकं ठाऊक होतं. चौगुल्यांना बोलावून नोंद पुसायला लावली असती आणि उद्यापासून किल्ली मागून घेतली असती. तिला मनापासून लाज वाटली.

"मी देते," छाया म्हणाली. "दादा चांगलं हाईत. माझ्या पोरीला गणित शिकवलंय त्यांनी. पण त्यांस्नी आधी सांगा, कुणाचं हाय ते. लपवून न्हाई. मी लई लपवलंय आता."

उदयला बोलायचं त्राण नव्हतं, पण त्यानं सगळं ऐकलं. ऐकून झाल्यावर त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं. त्याला हे पटणार नाही असं वाटून मीनल रडवेली झाली.

"चौदा वर्षं आपण तिचा चहाचा कप वेगळा ठेवलाय," तो म्हणाला. "मला काय विचारतेस, मीनल? ती हो म्हणाली हेच पुष्कळ झालं."

पुढचे आठ दिवस नुसती धावपळ. छायाचं रक्त तपासलं, लघवी तपासली, कावीळ नाही, जंत नाहीत, सगळं ठीक. डॉक्टरांच्या अर्जावर दात्याचं पूर्ण नाव लिहायचं होतं. मीनलचं पेन 'छाया' एवढ्यावरच थांबलं.

"छाया बबन माने, लिहा," छाया शेजारून म्हणाली.

नमुना तासाभराच्या आत मिरजेला पोचायला हवा होता, म्हणून डॉक्टर शिरगुप्प्यांनी रविवारी सकाळी बर्फाची पेटी घेऊन एक नर्सच घरी पाठवली. त्या सकाळची मजा कारखानिसांच्या घरात अजून सांगतात. आठ वाजता छाया नर्सनं दिलेली डबी घेऊन न्हाणीघरात गेली. तिनं आतून कडी लावली, आणि बाहेर मीनल, अद्वैत, सानिका आणि नर्स असे चौघं दाराला कान लावल्यासारखे उभे राहिले. पाच मिनिटं गेली. दहा गेली. अद्वैत घड्याळ बघून येरझारा घालू लागला. उदयचं वजन आदल्या दिवशी एकोणपन्नास भरलं होतं, हे चौघांनाही माहीत होतं.

"छायामावशी, काही हवंय का?" सानिकानं हळूच विचारलं.

"तुम्ही दारातनं हला आधी," आतून आवाज आला. "माणसं अशी हुबी राहिल्यावर कुणाला हुईल का?"

चौघंही निमूट स्वयंपाकघरात गेले. सानिकानं चहा टाकला. मग तिनं खिडकीत कडेला ठेवलेला छायाचा कप उचलून कचऱ्यात टाकला आणि पाच सारखे कप ओट्यावर मांडले. तेवढ्यात मीनलचा फोन वाजला.

'अनोळखी व्यक्ती. अंक शहाऐंशी.'

"झालं," मीनल ओरडली, आणि चौघंही पॅसेजमध्ये धावले. नर्स पेटी घेऊन गाडीकडे पळाली. अद्वैतला हसू आवरेना आणि डोळेही पुसावेसे वाटेनात.

कॅप्सूल मंगळवारी तयार झाल्या. चोवीस. उदयनं त्या दोन दिवसांत पाण्याबरोबर गिळल्या. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले. पाचव्या दिवशी त्यानं मऊ भात बाजूला सारून भाकरी मागितली, आणि डॉक्टर शिरगुप्प्यांनी पहिल्यांदा मीनलच्या पाठीवर हात ठेवला. घरी आल्यावर त्याचा पहिला अंक एकोणतीस आला. अद्वैतच्या बरोबरीचा. महिनाभरात तो एकावन्नवर पोचला आणि घरात सगळ्यांवर रुबाब करू लागला.

"हे माझे मार्क नव्हेत," विचारणाऱ्या प्रत्येकाला तो सांगायचा. "छाया मान्यांचे आहेत. मी नुसता पेपर लिहायला बसलोय." आणि पहिल्यांदा चालता येऊ लागलं तेव्हा काठी टेकत जाऊन त्यानं कमोडमध्ये पाचवं नाव स्वतःच्या हातानं भरलं.

एक अडचण मात्र राहिली. छायाला कमोडवर बसून होत नव्हतं. ती रोज सीटवर पाय ठेवूनच चढायची, आणि सीट मोडून हिचा पाय जायचा या धास्तीनं मीनलचा जीव टांगणीला लागायचा. घरात आणखी एक लहान न्हाणीघर होतं, त्यात जुन्या सुटकेसी आणि फुटकी टेबलं भरलेली. मीनलनं ते एका दुपारी रिकामं करवलं.

पुढच्या शनिवारी त्या दोघी चौगुल्यांच्या दुकानात गेल्या.

"परत कमोड का मॅडम?" चौगुले पुढे आले.

"नाही. आपलं देशी भांडं. वाचणारं नको, साधंच. छायाला काय हवं ते तिला विचारा."

चौगुल्यांनी छायाकडे बघितलं, मग पुन्हा मीनलकडे. "म्हणजे मॅडम, त्या दिवशी तो दोन ठिकाणचा दाब..."

"हो. यंत्र बरोबर होतं. आपण दोघं चुकलो."

छाया तोवर मागच्या भिंतीपाशी पोचली होती. तिथं जमिनीवर सहा भांडी मांडलेली. तिनं हात मागे बांधले नाहीत. चप्पल काढली, साडी जरा वर खोचली आणि भर दुकानात, टाइल्स बघायला आलेल्या एका नवराबायकोच्या देखत, पहिल्या भांड्यावर उकिडवी बसली. मागेपुढे हलून बघितलं. उठली.

"हे नगं. पाय लई लांब लांब पडतात." दुसऱ्यावर बसली. "ह्याला खडबड न्हाई, पाणी पडलं की घसरायचं." तिसऱ्यावर ती जरा जास्त वेळ बसली, दोन्ही बाजूला हातानं चाचपलं. "हे बरं हाय. वहिनी, बसून बघा की. पाव्हणंरावळं आलं तर तुम्हालाबी लागंल कवातरी."

टाइल्सवाल्या बाईनं तोंडावर रुमाल धरला. चौगुले कोपऱ्यातली एक पेटी उगाच हलवू लागले. मीनलनं दुकानाच्या दाराकडे एकदा बघितलं, पर्स चौगुल्यांच्या हातात दिली आणि ती शेजारच्या भांड्यावर उकिडवी बसली. किती वर्षांनी अशी बसत होती तिला आठवेना. पाय मात्र बरोबर पडले.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "हेच घेऊ."

उठायला गेली तर गुडघ्यांनी साथ दिली नाही. ती तशीच अडकून बसली आणि स्वतःशीच हसू लागली. छायानं हात पुढे केला, मीनलनं तो धरला आणि ती उठली.